दसऱ्याच्या तीन ओळी

तिरुमलरावांचं नाव आयुष्यात एकदाच छापून आलं होतं, ते स्वतःच्या लग्नपत्रिकेत. हे त्यांनी मला ओळखीच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं आणि सांगून झाल्यावर स्वतःच हसले. मी हसले नाही. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, कारण मी मागितलेला एक तक्ता द्यायला त्यांनी तीन दिवस लावले होते.

मी मृण्मयी, मूळची नाशिकची. नवऱ्याची बदली म्हैसूरला झाली म्हणून आले आणि नजरबादमधल्या एका ऊर्जा अभ्यास केंद्रात नोकरीला लागले. केंद्र म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरच्या चार खोल्या. तिथे आम्ही म्हैसूर आणि आजूबाजूच्या दोन जिल्ह्यांच्या वीजजाळ्याचा पुढच्या दहा वर्षांचा आराखडा करत होतो. काम सांगायला सोपं आहे. कोळशाची वीज कमी करायची, उन्हाची आणि वाऱ्याची वाढवायची. अडचण एवढीच की ऊन संध्याकाळी सहाला संपतं आणि माणसं सहानंतरच घरी येऊन सगळी बटणं दाबतात. ते तीन-चार तास कसे निभावायचे, दिवसाची वीज साठवायला मोठ्या बॅटऱ्या कुठे बसवायच्या आणि केवढ्या, हे ठरवण्यात आमची दोन वर्षं गेली.

तिरुमलराव त्या केंद्रात सहा वर्षं कंत्राटावर होते. त्याआधीची सगळी नोकरी विजेतच. १९८४ साली डिप्लोमा घेऊन शहराच्या कडेच्या एका जुन्या सबस्टेशनात ऑपरेटर म्हणून लागले. तिथून सावकाश वर चढत गेले आणि साठीला निवृत्त झाले. माणूस सावकाशच. शर्ट कडक इस्त्रीचा, डबा बरोबर साडेबाराला उघडणार, आणि पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक आकड्याची कागदावर प्रत काढणार. खालचा झेरॉक्सवाला त्यांच्या जिवावर दुकान चालवतो, असं मी एकदा त्यांना म्हटलं. "त्याची पोरगी कॉलेजात शिकते गे, सुम्ने नव्हे," ते आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले; सुम्ने म्हणजे उगाच.

केंद्राने आजवर चार अहवाल छापले होते. चारही अहवालांतले तक्ते तिरुमलरावांचे होते आणि मुखपृष्ठावरची नावं दुसऱ्यांची, ज्यांच्या मागे डॉक्टर लागतं त्यांची. या खेपेला आमचे संचालक विजयेंद्र यांनी ठरवलं की मुख्य लेखक म्हणून तिरुमलरावांचं नाव घालायचं. त्यांचं कंत्राट सप्टेंबरच्या मध्याला संपणार होतं आणि पुढे वाढणार नव्हतं, तेव्हा निरोपाचा निरोप आणि मानाचा मान. मुखपृष्ठाचा नमुना आला तेव्हा तिरुमलरावांनी तो दोन्ही हातांत धरून वाचला. एका ओळीला किती वेळ लागावा? त्यांना बराच लागला. मग घडी न घालता, वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेला. त्यांच्या पत्नी विशालाक्षीबाईंनी तो दसऱ्याला इथे घरोघरी मांडतात त्या बाहुल्यांच्या पेटीत ठेवला, कारण घरात वाळवी न लागणारी तेवढीच एक पेटी होती.

आराखडा जुलैतल्या एका सोमवारी बंगळूरहून येणाऱ्या समितीपुढे मांडायचा होता. त्याआधीच्या गुरुवारी मला ती गोष्ट सापडली.

वर्षातली सर्वांत अवघड संध्याकाळ कुठली हे शेवटचं एकदा तपासावं म्हणून मी मागच्या सहा वर्षांचे लोडचे आलेख एकावर एक ठेवले. लोड म्हणजे त्या त्या तासाला सगळ्या भागाला मिळून लागणारी वीज. बाकीचे महिने जसे असायला हवेत तसे होते, कुठे वर, कुठे खाली. ऑक्टोबर मात्र सहाही वर्षांचे सारखे निघाले. करोनाच्या वर्षी हॉटेलं ओस होती, दसरा मोजक्या माणसांत उरकला होता, तरी त्या वर्षीचा ऑक्टोबरही इतर पाच भावंडांच्या मापाचा. आकडे इतके शहाण्यासारखे वागले की मला भीती वाटते. मी आमच्या संगणकातले नियम उघडून एकेक वाचत गेले आणि संध्याकाळपर्यंत एक जुना नियम हाती लागला. त्याचं नाव 'दसरा' होतं आणि खाली करणाऱ्याची आद्याक्षरं होती, ति. रा.

नियम असा होता. वीस सप्टेंबर ते सत्तावीस ऑक्टोबर या दिवसांत मीटरवरून येणारा आकडा बाजूला काढायचा आणि त्याच्या जागी सप्टेंबरच्या मधल्या आठवड्याची सरासरी ठेवायची. ठेवून मगच साठवायचं. म्हणजे खरा आकडा आमच्याकडे कुठेच राहत नव्हता. मीटरच्या पोटातही तो दोन-अडीच महिनेच टिकतो, मग पुसला जातो.

शुक्रवारी डबा खाऊन झाल्यावर मी त्यांच्या टेबलाशी खुर्ची ओढली आणि नियमाची प्रत पुढे ठेवली. कागदावरच काढली होती, त्यांना तसं आवडतं म्हणून.

"हां, हा माझाच," ते म्हणाले. चेहऱ्यावर ओळखीचं माणूस भेटल्याचा आनंद होता. "सरस्वतीपूजेला स्टेशनातलं लॉगबुक पूजेत ठेवायचे, ठाऊक आहे काय तुला? तासातासाचं रीडिंग लिहायचं ते बुक, दिवसाला एक ओळ. पेनसुद्धा पूजेत. मग विजयादशमीपर्यंत लिहायचं नाही. तीन दिवस."

"आणि वीज?"

"वीज चालूच की. मशीनला हळदकुंकू, झेंडूचा हार, सगळं. फक्त लिहायचं नाही. घरी पोरं पुस्तक उघडत नाहीत, तसंच अल्वा, नाही का?" ते टेबलावर रेघा ओढल्यासारखं बोट फिरवत होते. "पहिल्या वर्षी साहेब आले, म्हणाले, ह्या तीन ओळी रिकाम्या का? ऑपरेटर सगळे गप्प. मीच म्हटलं, मागच्या आठवड्याचे आकडे उतरवतो सर, तीन दिवसांत काय फरक पडतो. साहेब खूश. तीच रीत पडली."

"मग तीन दिवसांचे पाच आठवडे कसे झाले?"

"स्टेशनात कंप्युटर आला तेव्हा ती रीत त्यात घाला म्हणाले. तेच सॉफ्टवेअर पुढे इथे केंद्रात आलं. आता दसरा दरवर्षी वेगळ्या तारखेला. कंप्युटरला पंचांग कुठलं कळतंय? सॉफ्टवेअरवाले म्हणाले, पक्क्या तारखा द्या. मी बसून शंभर वर्षांचं पंचांग चाळलं. तिनाचे नऊ दिवस मी केले, नवरात्र म्हणून; बाकी सगळं पंचांगाचं. वीस सप्टेंबर ते सत्तावीस ऑक्टोबर. ह्याच्या बाहेर आमचा दसरा जातच..."

वाक्य तिथेच थांबलं. मला पुढचं काही सांगावं लागलं नाही. चाळीस वर्षं आकड्यांत काढलेला माणूस होता, त्याला पुढचं सगळं एकदम दिसलं असणार.

वाचणाऱ्यासाठी सांगते. सप्टेंबरच्या मध्यात इथे पाऊस असतो, हवा गार असते, वारा भरपूर असतो. तेव्हा वीज कमी लागते आणि पवनचक्क्या भरभरून देतात. ऑक्टोबरात वारा पडतो, उकडायला लागतं, सूर्य सहाच्या सुमारास जातो आणि दसऱ्याला सगळा मुलूख म्हैसुरात येतो. लोकांना वाटतं राजवाड्याच्या दिव्यांना वीज लागते. दिव्यांना आता कितीशी लागणार, सगळे एलईडी. वीज लागते ती भरलेल्या हॉटेलांना, एसींना, पाण्याच्या पंपांना. आमच्या स्वच्छ विजेच्या जाळ्याची खरी परीक्षा नेमकी याच पाच आठवड्यांत होती आणि हेच पाच आठवडे आम्ही दरवर्षी न चुकता खोडून टाकत होतो. आराखड्यात आम्ही शंभर मेगावॉटची बॅटरी मागितली होती, दोन तास पुरेल अशी. मी अंदाजाने मांडून पाहिलं तर एकशेसाठची लागत होती आणि चार तासांची. आमच्या शब्दावर कोळशावर वीज करणारं एक युनिट बंद झालं असतं तर काही वर्षांनी ऑक्टोबरातल्या संध्याकाळी वीज कमी पडली असती, आणि अशी कपात नेहमी कडेच्या गावांपासून सुरू होते.

"विजयेंद्रला सांगितलंस?" तिरुमलरावांनी विचारलं.

"नाही. आधी तुम्हाला."

"सरी," ते म्हणाले. ते 'बरं' म्हणताना तसंच म्हणतात. मग त्यांनी रिकामा डबा पुन्हा उघडला, पाहिला आणि बंद केला.

आता माझंही सांगून टाकते. चूक उघड झाली तर आराखडा परत येणार, तो नव्याने करायला सहा-आठ महिने लागणार, आणि तोवर तिरुमलरावांचं कंत्राट संपलेलं असणार. कंत्राट संपलेल्या माणसाचं नाव मुखपृष्ठावर घालायचं नाही असा केंद्राचा नियम आहे. त्यांच्यानंतर ते काम माझ्याकडे येणार होतं, म्हणजे नावही माझंच येणार होतं. मी बोलले तर नावासाठी बोलले असंच वाटलं असतं. हे शुक्रवारी दुपारी मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. शनिवार-रविवार मी स्वतःला बजावत राहिले की आपण आपलं काम केलं, पुढचं त्यांच्यावर. ते गप्प बसले असते तर मी सोमवारी तोंड उघडलं असतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

सोमवारी समितीची तीन माणसं आली. कॉफी झाली. विजयेंद्रांनी प्रास्ताविक केलं आणि तिरुमलराव मांडणीला उभे राहिले. तीसपर्यंतची पानं त्यांनी नेहमीच्या संथ चालीने सांगितली, इतकी संथ की एक साहेब फोन बघायला लागले. एकतिसाव्या पानावर बॅटरीचा तक्ता होता.

"हा तक्ता चुकला आहे," तिरुमलराव कन्नडमध्ये म्हणाले. "ऑक्टोबरचे आकडे खरे नाहीत. आराखडा असा मंजूर करू नका."

फोन खाली गेला. समितीच्या प्रमुख बाईंनी विचारलं, "सॉफ्टवेअरची चूक आहे का?"

"सॉफ्टवेअर बिचारं सांगितलं तेवढं करतं, मॅडम. त्याला मी सांगितलं."

मग त्यांनी लॉगबुक, पूजा, पंचांग सगळं सांगितलं. एक साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. सगळं लिहून घेऊन त्या म्हणाल्या की आराखडा परत पाठवावा लागेल. यंदाचा ऑक्टोबर खरा मोजा, नियम काढून टाका. आणि तुमच्या संगणकावर आता आमचा भरवसा नाही, तेव्हा निदान एका सबस्टेशनातली संध्याकाळची रीडिंग माणसाने डोळ्यांनी बघून हाताने लिहिलेली हवीत. दोन्ही जुळली तर पुढे बघू.

समिती गेल्यावर विजयेंद्रांनी दार लावून घेतलं. ते वाईट गृहस्थ नाहीत, पण त्या दिवशी फार चिडले होते. "आज मंजूर करून घेऊन पुढल्या वर्षी दुरुस्ती जोडली असती, राव. सगळे असंच करतात. तुमचं नाव तरी राहिलं असतं."

"तोवर त्यांनी कोळशाचं युनिट बंद करायची तारीख ठरवली असती," तिरुमलराव म्हणाले. "एकदा ठरलेली तारीख मागे घेतात काय कोणी?"

"आणि पाच आठवडे रोज संध्याकाळी सबस्टेशनात कोण बसणार आहे?"

"मी बसतो. पंधरा सप्टेंबरनंतर मला काय काम आहे?"

अशा रीतीने माणूस सप्टेंबरात दुसऱ्यांदा निवृत्त झाला आणि त्याच महिन्यात, बिनपगारी, एक्केचाळीस वर्षांपूर्वी जिथे लागला होता त्याच सबस्टेशनात जाऊन बसायला लागला. निरोप समारंभात त्यांना शाल आणि चंदनाचा हत्ती मिळाला. मुखपृष्ठाचं कोणी नाव काढलं नाही. वीस तारखेपासून ते रोज साडेपाचला स्कूटर काढत, सहा ते दहा दर अर्ध्या तासाला मीटरसमोर उभे राहून आकडा वाचत आणि दोनशे पानी वहीत लिहीत. नियम मी काढून टाकला होता, त्यामुळे संगणकातही आकडे येत होते. रोज सकाळी ते मला फोन करून आपले आकडे वाचून दाखवत आणि मी माझे ताडून पाहत असे. जुळले की म्हणत, "आयतु," झालं एकदाचं, आणि फोन ठेवत. माझा चहा तोवर गार झालेला असे. पण महिनाभरात मला त्या फोनची सवय लागली.

सरस्वतीपूजेच्या दिवशी विशालाक्षीबाईंनी मला बाहुल्या बघायला बोलावलं. त्यांचं घर देवराज मोहल्ल्यात, एका शिंप्याच्या दुकानामागे. त्या म्हैसुरात जन्मलेल्या, तिरुमलरावही. दोन्ही घराणी किती पिढ्यांपूर्वी इथे आली हे कोणालाच नीट सांगता येत नाही, पण घरात अजून मराठी बोलतात. सात पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या होत्या आणि बाजूच्या चौरंगावर पूजा होती. तीत घरातली सगळी पुस्तकं होती, नातीचं दप्तर, चष्म्याचं एक जुनं घर, आणि पेनं. त्या घरातली पेनं एवढी असतील असं मला वाटलं नव्हतं. सगळ्यांना एका दोऱ्याने बांधून कुंकू लावलं होतं.

सव्वापाच वाजले. तिरुमलराव शर्ट घालून बाहेर आले आणि चौरंगापाशी उभे राहिले.

माझ्या तेव्हा लक्षात आलं. आजपासूनच ते तीन दिवस. वहीचं त्यांनी निभावलं होतं, ती पूजेत ठेवलीच नव्हती, सकाळीच स्कूटरच्या डिकीत टाकून आले होते असं नंतर कळलं. पेनाचं राहिलं होतं. माझ्या पर्समध्ये पेन होतं. मी पर्सकडे हात नेला आणि थांबले, कारण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते चौरंगाकडे बघत होते. सासष्ट वर्षांचा माणूस, जन्मभर या दिवशी अक्षर न लिहिलेला. समितीपुढे उभं राहताना त्यांचा आवाज हलला नव्हता. इथे त्यांना बायकोला विचारायला जमत नव्हतं.

"जाऊ का?" ते शेवटी म्हणाले. एवढंच.

विशालाक्षीबाई मला कोसंबरी, म्हणजे भिजवलेल्या डाळीची कोशिंबीर, वाढत होत्या. वाटी खाली ठेवून त्या उठल्या, बाहुल्यांच्या सर्वांत वरच्या पायरीपर्यंत टाचा उंचावून हात नेला आणि राजा-राणीच्या जोडीमागून एक निळं पेन काढलं. त्याला कुंकू नव्हतं.

"हे पूजेत ठेवलंच नाही," त्या म्हणाल्या. "सकाळीच बाजूला काढलं."

"चालतंय काय, विशालाक्षी?"

"ते मला काय विचारता? तिकडे सगळ्यांसमोर चुकलो म्हणून सांगून आलात, आता पुन्हा ओळी रिकाम्या ठेवणार काय?" आणि मग जरा हलक्या आवाजात, "सरस्वती समजून घेते. होऊन या. साडेदहाला ऊट गरम करून वाढते."

त्यांनी पेन खिशाला लावलं. बाहेर स्कूटर दोनदा किक मारूनही चालू झाली नाही, तिसऱ्यांदा झाली. विशालाक्षीबाई पुन्हा कोसंबरीकडे वळल्या आणि मला म्हणाल्या की हरभऱ्याची डाळ यंदा नीट भिजली नाही.

त्या वर्षीचा सर्वांत मोठा आकडा नवमीच्या संध्याकाळी सात वाजता आला. आयुधपूजेचा दिवस, सबस्टेशनाचं लॉगबुक हारतुऱ्यांत मिटलेलं. संगणकात आकडा होता आणि निळ्या शाईत वहीत होता. दोन्ही जुळले. माझा अंदाजही फार चुकला नव्हता, पण त्याचं मला वाटलं होतं तेवढं सुख झालं नाही.

फेब्रुवारीत आराखडा मंजूर झाला. बॅटरी एकशेसाठ मेगावॉटची, चार तासांची. कोळशाच्या युनिटची तारीख दोन वर्षं पुढे गेली. मुखपृष्ठावर माझं नाव होतं. तिरुमलरावांचं नाव बरोबर घाला म्हणून मी दोनदा लिहून दिलं आणि दोनदा मला नियम दाखवण्यात आला. शेवटी मी परिशिष्टात त्यांच्या वहीची पानं जशीच्या तशी छापायला लावली. खाली एक ओळ होती, 'रीडिंग घेणार: तिरुमलराव, निवृत्त ऑपरेटर'. निवृत्त ऑपरेटर असंच लिही, असं त्यांनीच सांगितलं होतं.

छापील प्रत घेऊन मी देवराज मोहल्ल्यात गेले. मुखपृष्ठ वर करून त्यांच्या हातात द्यायला मला संकोच वाटत होता, म्हणून उलटी दिली. त्यांनी ती सुलटी केली, माझं नाव वाचलं आणि म्हणाले, "छान छापलंय गे." त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मग ते मागची पानं उलटत परिशिष्टाशी आले. सरस्वतीपूजेच्या दिवसापासून नवमीपर्यंतच्या ओळींवर त्यांनी बोट ठेवलं.

"आधी रिकाम्या होत्या," ते म्हणाले, "मग मी खोट्या केल्या." आणि स्वयंपाकघराकडे मान वळवून त्यांनी हाक मारली, "विशालाक्षी, तुझं पेन छापून आलंय बघ."

विशालाक्षीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. चष्मा आत राहिला होता, म्हणून त्यांनी विचारलं, कुठल्या ओळीत. तिरुमलरावांनी त्यांना नवमीचा आकडा वाचून दाखवला.